आधी लाट, मग तार

श्रावणातला चौथा सोमवार. २७ ऑगस्ट १८८३. कुलाब्याच्या वेधशाळेत तुम्ही उभे आहात. दुपारचे बारा वाजत आले आहेत, अर्थात मुंबईच्या घड्याळात. या काळात मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेनं धावते. कुलाब्याच्या टोकाला तीन बाजूंनी समुद्र, पावसाळी हवा. शहरात अर्ध्या लोकांचा सोमवारचा उपास आहे, तो संध्याकाळी सुटेल. इथे मात्र काम नेहमीसारखं चालू आहे: हवेचा दाब, पाऊस, वारा, पृथ्वीचं चुंबकत्व. चाळीसएक वर्षांपूर्वी केरूनाना छत्रे याच वेधशाळेत कोवळ्या वयात नोंदी घेत होते, त्या जागेवर आता दुसरं कोणी आहे. नोंदी थांबलेल्या नाहीत.

हवेच्या दाबाची रेषा पाहा. रोज सकाळी दहाच्या आसपास ती वर चढते, मग दुपारी हळूहळू उतरायला लागते. इतका ठरलेला क्रम, की अनुभवी माणूस ती न पाहताही काढून दाखवील. आज ती बाराच्या सुमारास किंचित उडी मारते, खाली येते, पुन्हा हलते. बस्स, एवढंच. वादळाची चिन्हं नाहीत, वारा नाही. खिडकीचं तावदान हललं नाही, कुणाच्या कानावर काही आलं नाही. नोंद झाली आणि माणसं पुढच्या कामाला लागली.

तुम्ही आत्ता पाहिलीत ती मुंबईत आलेली क्राकातौची पहिली बातमी. सुमात्रा आणि जावा या बेटांमधल्या सुंदा सामुद्रधुनीत चार तासांपूर्वी एक बेट फुटलं. तिथल्या घड्याळात तेव्हा सकाळचे दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. त्या स्फोटानं हवेला दिलेला धक्का ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगानं सगळ्या दिशांना निघाला आणि साडेचार हजार किलोमीटर ओलांडून कुलाब्याला पोहोचला. तो इथे थांबणार नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, दक्षिण अमेरिकेत, जाऊन सगळीकडून एकत्र येईल आणि परत फिरेल. पुढचे पाच दिवस जगभरच्या वेधशाळांच्या कागदांवर तो येत-जात राहील, काही ठिकाणी सात वेळा. वाचणारा मात्र आज कुठेच नाही.

आता वांद्र्याला या. त्याच आठवड्यातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन दहाएक दिवस झालेत, गोकुळाष्टमीही नुकतीच गेली. होड्या डागडुजी होऊन पाण्यात उतरल्या आहेत, किनाऱ्यावर जाळी पसरली आहेत. तुम्ही खडपावर उभे राहा, पण जपून, शेवाळ आहे. वद्य दशमी-एकादशीचं पाणी म्हणजे भांगाचं पाणी. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं, तसा जोर याला नसतो. फारसं वर चढत नाही, फारसं खालीही जात नाही. कोळ्याच्या घरातल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

भरती वेळेवर आली. पाणी खडपाच्या पोटाशी खळखळतंय. आणि मग ते अचानक मागे जातं. ओहोटीसारखं हळूहळू नाही, कुणीतरी खालून ओढून घ्यावं तसं. मिनिटाभरापूर्वी पाणी होतं तिथे आता ओली वाळू आहे, दगड आहेत, आणि त्या वाळूवर, दगडांच्या खळग्यांत मासे तडफडताहेत. त्यांना पाण्याबरोबर मागे जायला वेळच मिळालेला नाही. लहान-मोठी सगळी माणसं टोपल्या घेऊन धावतात. जाळं नको, होडी नको, नुसतं वाकायचं आणि उचलायचं. कुणीतरी हसतंय, कुणी ओरडून शेजारणीला बोलावतंय. चांगली मोठी, खायला चविष्ट मासळी फुकट मिळते आहे.

हे मी मनानं रचलेलं नाही. वांद्र्याहून एका माणसानं मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहून हे कळवलं, ते छापून आलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. भरती नेहमीप्रमाणे आली, मग पाणी एकाएकी जोरात मागे गेलं, मासे कोरड्यावर राहिले, म्हाताऱ्या-तरण्यांनी ते गोळा केले, असं त्याचं सांगणं. त्यातला आनंद मला बोचतो. त्या पत्रातला एक शब्दही चुकीचा नाही, पत्र लिहिणाऱ्याचा काही दोषही नाही. पण ज्या पाण्यानं इथे टोपल्या भरल्या, त्याच पाण्यानं तिकडे गावंच्या गावं नेली होती, आणि वांद्र्याच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणालाही ते कळायची सोय नव्हती. बातमी पायाशी येऊन गेली.

या सोमवारी असं अनेक ठिकाणी होतंय. थोडं फिरून पाहू.

सुमात्राच्या उत्तर टोकाला अचेह आहे. तिथे डचांचं युद्ध दहा वर्षं चालू आहे. तोफांसारखे आवाज कानी पडताच छावणीला वाटतं हल्ला झाला, आणि शिपायांच्या हाती बंदुका येतात. सिंगापूरला वाटतं, एखादं जहाज संकटात आहे आणि मदतीसाठी तोफा डागतंय. शोधायला आगबोटी सोडतात. टेलिफोन कानाला लावला तर माणसाच्या आवाजाऐवजी धबधब्यासारखी घरघर ऐकू येते. अंदमानात, पोर्ट ब्लेअरलाही वाटतं समुद्रावर कुणी इशाऱ्याची तोफ डागतंय. आणि मॉरिशसच्या पूर्वेला, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, क्राकातौपासून जवळजवळ ४,८०० किलोमीटरवर, तिथले पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस आपल्या वहीत नोंद करतात: पूर्वेकडून दूरच्या अवजड तोफांसारखे आवाज येत आहेत. एका बेटाचा आवाज समुद्र ओलांडून इतका दूर ऐकू गेल्याची तोवर दुसरी नोंद नव्हती.

सगळ्यांनी ऐकलं ते खरंच होतं. पण प्रत्येकानं त्याचा अर्थ आपापल्या भीतीतून लावला. युद्धावर असलेल्यानं शत्रू ऐकला, बंदरातल्यानं बुडतं जहाज. ज्वालामुखी कुणाच्याच मनात आला नाही. बातमी पसरते तेव्हा हे नेहमी होतं असं मला वाटतं. ऐकणाऱ्याकडे जी जागा आधीच तयार असते, तिथेच ती बसते.

आता मागे जाऊ या. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, जावाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आंजेर गावी.

सुंदर गाव. किनाऱ्यावर दीपगृह, माडांच्या रांगा, डच अधिकाऱ्यांची घरं, मलायी आणि चिनी वस्ती. युरोपातून चीनकडे, जावाकडे येणारी जहाजं याच सामुद्रधुनीतून जातात, आणि आंजेरला लॉइड्सचा प्रतिनिधी आहे. कोणतं जहाज केव्हा गेलं हे तो तारेनं कळवतो. विम्याचे व्यवहार त्यावर चालतात. समोर साधारण ५० किलोमीटरवर क्राकातौ. त्यावर वस्ती नाही.

हा डोंगर मे महिन्यातच जागा झाला होता. २० मेला तिथून जाणाऱ्या एका जर्मन युद्धनौकेनं राखेचा स्तंभ ११ किलोमीटर उंच चढलेला मोजला. आंजेरहून तार गेली आणि चार दिवसांत लंडनच्या ‘टाइम्स’ला छोटीशी बातमी आली. २७ मेला तर बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, ‘गव्हर्नर जनरल लाउडन’ नावाच्या आगबोटीनं ८६ प्रवाशांची सहल काढली. लोक तिकीट काढून जागा ज्वालामुखी बघायला गेले, त्याच्या काठावर चढले, खाली पाहून आले. मग जून, जुलै गेले. डोंगर अधूनमधून धुमसत होता आणि ती बातमी जुनी झाली. हे तीन महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. बातमी पोहोचली होती, हजारो मैल दूर छापून आली होती. पण आंजेरच्या, मेराकच्या, समोरच्या सुमात्रातल्या लाम्पुंगच्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना त्या बातमीनं एवढंही सांगितलं नाही की किनाऱ्यापासून जरा वर राहायला जा. कारण ती त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती. जहाजांसाठी होती.

आज रविवारी दुपारी एकच्या सुमारास स्फोट सुरू होतात. काळा ढग आकाशात चढतो, दोनपर्यंत त्याची उंची २५ किलोमीटरच्या वर जाते. तीच लाउडन आगबोट आज आंजेरला आली आहे. प्रवासी चढवून ती दुपारी समोरच्या तेलुक बेतुंगकडे निघते. जे चढले ते वाचतील. संध्याकाळी समुद्र वरखाली व्हायला लागतो, बंदरातल्या होड्या एकमेकींवर आदळतात. आणि याच संध्याकाळी आंजेरची तार तुटते.

सोमवारी सकाळी डोंगर तीन-चार वेळा फुटतो. शेवटचा स्फोट दहा वाजून दोन मिनिटांचा. त्यानंतरच्या लाटा कुठे कुठे ३० मीटरहून उंच होत्या, दहामजली इमारतीएवढ्या. आंजेर उरलं नाही. मेराक उरलं नाही. पलीकडे तेलुक बेतुंगला ‘बेरू’ नावाची डच युद्धनौका लाटेनं उचलली आणि नदीच्या खोऱ्यातून आत, दोन-तीन किलोमीटरवर, जंगलात नेऊन ठेवली. सुमात्राच्या दक्षिण टोकाला तर तापलेली राख समुद्रावरून वाहत आली आणि डोंगराच्या उतारावर आसऱ्याला गेलेली माणसं भाजून मेली.

मी तुम्हाला त्या लाटेसमोर उभं करणार नाही. तिथे उभं राहून जे दिसलं ते सांगायला फार थोडे उरले, आणि त्यांच्या जागी उभं राहण्याचा आपल्याला अधिकार नाही. तुम्ही बटाव्हियाच्या तार कचेरीत चला.

भर दुपारी दिवे लावले आहेत. आकाशातून राख पडते आहे, आणि उकाड्याच्या या शहरात लोकांना थंडी वाजते आहे. गॅसच्या कारखान्यातला दाब मोजणारा काटा सकाळी मोजपट्टीच्या बाहेर गेला. तार कचेरीतल्या माणसाला पश्चिमेकडून उत्तर मिळत नाही. आंजेर बोलत नाही, मेराक बोलत नाही. सुमात्राच्या किनाऱ्याचं काय झालं, हे बटाव्हियाला कळायला पुढे कितीतरी दिवस लागतील, कारण तेलुक बेतुंगच्या उपसागरात तरंगत्या खडकांचा एवढा थर साचेल की जहाजं आत जाऊच शकणार नाहीत. शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेची खबर नाही. पण उत्तरेकडची, सिंगापूरची तार चालू आहे. म्हणून बटाव्हिया आपल्या शेजाऱ्याबद्दल काही न कळता लंडनला बातमी पाठवू शकतं.

तार धरून चला. समुद्राच्या तळावरून जाणारी ही तार तांब्याची आहे, पण तिला पाण्यापासून वाचवतं ते गटापर्चाचं आवरण. गटापर्चा म्हणजे याच भागातल्या, मलाया-सुमात्राच्या जंगलातल्या झाडाचा चीक. माणसं जंगलात जाऊन झाडं तोडतात, चीक गोळा करतात, तो इंग्लंडला जातो आणि तारेवर चढून परत याच समुद्रात येतो.

बटाव्हियाहून सिंगापूर. सिंगापूरहून पेनांग. पेनांगहून बंगालच्या उपसागराखालून मद्रास. मद्रासहून सरकारी तारेनं जमिनीवरून मुंबई. मुंबईहून पुन्हा समुद्र: एडन, सुएझ, मग अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बन, आणि इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोर्थकर्नो. मुंबई-सुएझची तार १८७० साली पडली. तारा येण्याआधी मुंबईची बातमी लंडनला जायला आगबोटीनं तीन-चार आठवडे लागत, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेव्हा विलायतेची खबर महिनोन्महिने जहाजात असे.

मधल्या प्रत्येक ठाण्यावर एक माणूस बसलेला आहे. मुंबईच्या ठाण्यावरच्या माणसाजवळ थांबा. समोर कागदाची अरुंद पट्टी सरकते आहे आणि केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून शाई तिच्यावर सांडते आहे. तार बोलते तशी ती नळी डावीकडे-उजवीकडे हलते आणि पट्टीवर नागमोडी रेघ उमटते. तो माणूस ती रेघ वाचतो, अक्षरं लिहून काढतो आणि पुढच्या ठाण्याला पाठवतो. तुम्हाला कुलाब्याची रेषा आठवेल. दोन्ही रेघा याच शहरातल्या, दोन्ही एकाच डोंगराच्या. एक जण आपल्या रेघेतून शब्द वाचतो आहे, दुसऱ्याच्या रेघेला अक्षरंच नाहीत. दोघांमध्ये जेमतेम काही मैलांचं अंतर आहे.

शब्दागणिक पैसे पडतात, तेही भरमसाट. म्हणून तारेतली भाषा हाडकुळी असते: क्रियापदं गळतात, माणसं गळतात. उरतात जागा, आकडे आणि जहाजांच्या वाटा. दीपगृहं गेली, सामुद्रधुनीत नवे धोके, जहाजांनी जपून जावं. मेलेल्यांचा आकडा मागाहून कळत जाईल, दर खेपेला आधीपेक्षा मोठा.

ही तार लंडनमध्ये ज्या दारातून आत जाते ते दार रॉयटरचं. पाउल ज्यूलियस रॉयटर, जन्मानं जर्मन. १८५० साली आखेन आणि ब्रुसेल्सच्या मधली तार जोडलेली नव्हती तेव्हा तो कबुतरांच्या पायाला बाजारभाव बांधून पाठवी. दुसऱ्या वर्षी लंडनला आला. मुंबईत त्याची कचेरी १८६६ पासून आहे. पॅरिसला आवास, बर्लिनला वोल्फ आणि लंडनला रॉयटर, या तीन संस्थांनी जानेवारी १८७० मध्ये करार करून जग वाटून घेतलं. अगदी जमीन वाटून घ्यावी तसं. ब्रिटिश साम्राज्य आणि पूर्वेकडचे देश रॉयटरकडे, हॉलंड आणि त्याच्या वसाहतीही. फ्रान्स, इटली, स्पेन आवासकडे. जर्मनी, उत्तर युरोप, रशिया वोल्फकडे. अमेरिकेतली असोसिएटेड प्रेस त्यांच्याशी बांधलेली. एकमेकांच्या हद्दीत बातमी गोळा करायची नाही, गोळा केलेली वाटून घ्यायची. हा करार या ना त्या रूपात १९३४ पर्यंत टिकला.

वेगवेगळ्या देशांत एकच बातमी एकाच शब्दांत का छापून येई, याचं उत्तर इथे आहे. जावाच्या किनाऱ्याबद्दल पॅरिसचा वाचक वाचतो ते रॉयटरनं आवासला दिलेलं. बर्लिनचा वाचक वाचतो ते वोल्फला दिलेलं. बोस्टनचा वाचक वाचतो ते लंडनहून अटलांटिकखालून गेलेलं. चार देश, तीन भाषा, पण बघणारा डोळा एकच, आणि तो बटाव्हियाच्या युरोपीय वस्तीत बसलेला. रॉयटरच्या माणसांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्यांनी घाई, खर्च आणि अंधार यांतून जे पाठवलं ते बरंचसं खरं होतं. पण एका खिडकीतून दिसतं तेवढंच जग सगळ्या जगाला दिसलं. दुसरी खिडकीच नव्हती.

आकडा सांगतो. पुढे डच भूगर्भशास्त्रज्ञ रोजिएर फर्बेक यांनी अहवालात नोंदवलं: ३६,४१७ माणसं मेली, १६५ गावं नाहीशी झाली. त्या ३६,४१७ मध्ये युरोपीय ३७. बाकीच्यांच्या नावांना त्या तारेत जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता पुण्यात या, सप्टेंबरच्या आरंभी. मी तुम्हाला बुधवारातल्या एका छापखान्यात नेतो. कोणत्या साप्ताहिकाचा, ते महत्त्वाचं नाही. अशी अनेक होती. ‘केसरी’ला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. समईसारख्या मंद दिव्यापाशी धोतराचा सोगा खांद्यावर टाकून एक जण बसला आहे. समोर मुंबईच्या इंग्रजी दैनिकाचा अंक, त्यात तारेनं आलेल्या बातम्यांचा स्तंभ. याला त्या स्तंभाचं मराठी करायचं आहे, खिळे जुळवणारा मजकुरासाठी खोळंबलाय. तो नाव वाचतो. मूळ स्थानिक नाव क्राकातौ. इंग्रजी छापखान्यांतून जाता जाता ते क्राकाटोआ होतं आणि पुढे जगभर तसंच रुळतं. हा आपला माणूस ते देवनागरीत कसं लिहायचं याचा विचार करतोय. लेखणी थांबते. मग लिहितो. मराठी वाचकाला बातमी आता मिळते, जावाहून लंडनच्या घडणीत घडून, इंग्रजीतून उतरून. आणि ती याच मुंबईवरून तारेनं गेली होती, कुलाब्यावरून हवेनं गेली होती, वांद्र्यावरून पाण्यानं गेली होती, याचा याला पत्ता नाही. कसा असणार?

महिनाभरापूर्वीच, २८ जुलैला, इटलीतल्या इस्किया बेटावर भूकंप झाला. दोन हजारांहून अधिक माणसं गेली. त्या बातम्या त्यानं आठवडेच्या आठवडे भाषांतरित केल्या असतील, कारण त्या येतच राहिल्या: कोण दबलं, कोणाला काढलं, राजानं काय केलं. जावाच्या बातमीत माणसं दिसत नाहीत. आकडा पंधरापटीहून मोठा असूनही नाही.

बातमी मग आकाशातून यायला लागते. ९ सप्टेंबरच्या सुमारास मद्रासकडे, सिलोनमध्ये सूर्य हिरवा उगवतो, निळसर मावळतो. नोव्हेंबरात लंडनच्या चेल्सीत विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार टेम्सच्या काठी रंगखडू घेऊन उभा असतो आणि मावळतीची चित्रं घाईघाईनं काढत राहतो, पुढच्या काळात पाचशेहून अधिक. नोव्हेंबरच्या अखेरीला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी क्षितिज इतकं लाल होतं, की आग लागली समजून बंब धावतात. क्राकातौची धूळ जगाच्या डोक्यावर पसरली होती. आकाश कुणाच्या हद्दीत वाटलेलं नव्हतं, म्हणून ही बातमी सगळीकडे सारखी पोहोचली. तिचा अर्थ लावायला मात्र वेळ लागला.

फेब्रुवारी १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीनं जी. जे. सायमन्स यांनी ‘टाइम्स’मधून जगाला आवाहन केलं: जे पाहिलं, ऐकलं, मोजलं ते कळवा. पत्रं आली, जहाजांच्या वह्या आल्या, वेधशाळांचे कागद आले. १८८८ साली ४९४ पानांचा अहवाल निघाला. तो उघडून पाहा. हवेच्या दाबाच्या तक्त्यात मुंबई आहे. भरती-ओहोटीच्या नोंदींत मुंबई आहे. रॉड्रिग्जचे वॉलिस आहेत, बटाव्हियाचा गॅसचा काटा आहे. कुलाब्याची ती बारीक उडी इथे, पाच वर्षांनी, वाचली गेली. मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. एकाच घटनेचे सगळे तुकडे पहिल्यांदाच एकमेकांशेजारी आले, आणि पृथ्वी ही एकच जागा आहे हे लोकांनी कागदावर पाहिलं.

पण मी तुम्हाला सिंगापूरच्या एका गल्लीत नेल्याशिवाय सोडणार नाही. तिथे १८८३-८४ मध्येच मलायी भाषेत, जावी या अरबी वळणाच्या लिपीत, शिळाछापावर एक छोटं पुस्तक निघालं: ‘सयाइर लाम्पुंग कराम’, म्हणजे बुडालेल्या लाम्पुंगची कथा, पद्यात. कर्ता मुहम्मद सालेह. तिथल्याच माणसानं, तिथल्याच भाषेत, डोळ्यांदेखत घडलेलं लिहिलं. त्यात गावांची नावं आहेत, एकामागून एक. कोणत्या गावचं काय झालं, कोण कुणाला शोधत फिरलं, कुणी कुणाला आसरा दिला. पाठोपाठ आवृत्त्या निघाल्या, म्हणजे लोक ते घेत होते, एक जण मोठ्यानं वाचत असेल आणि बाकीचे ऐकत असतील. त्या लोकांना हवी असलेली बातमी हीच होती: माझ्या गावाचं काय झालं? ती ना लंडनला पोहोचली, ना पुण्याला. तिच्यासाठी तार नव्हती.

आता घरी चला, पण वाटेत एकदाच थांबायचं आहे.

२२ डिसेंबर २०१८. शनिवार, रात्रीचे साडेनऊ. तोच किनारा, जावाच्या पश्चिमेचा, तांजुंग लेसुंग. जुना क्राकातौ बुडाला त्या जागी १९२७ पासून नवा डोंगर वर आला आहे, त्याचं नाव अनाक क्राकातौ, क्राकातौचं पोर. किनाऱ्यावर मंडप, खुर्च्या, दिवे. ‘सेव्हन्टीन’ नावाचा इंडोनेशियन बँड गातोय. क्राकातौच्या त्या पोराची एक बाजू समुद्रात कोसळली आहे. भूकंप झालेला नाही, म्हणून भूकंपावर अवलंबून असलेली यंत्रणा गप्प आहे. मंचाच्या मागून पाणी येतं.

चारशेहून अधिक माणसं गेली. आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलं की ही त्सुनामी नाही, उधाण आहे. त्या रात्री पौर्णिमा होती. पुढे चूक कळली आणि त्यांनी माफी मागितली. मी त्यांना दोष देत नाही. अचेहच्या छावणीसारखंच त्यांनीही हातातल्या खुणेवरून अर्थ लावला.

मंचावरच्या त्या क्षणाचं चित्रण मोबाइलवरून निघालं आणि आपल्यापर्यंत आलं. तुम्ही ते पाहिलं असेल, रविवारी, चहा घेताना, कुणीतरी पुढे धाडलेलं. गाणारे, वाजवणारे, मागचा काळा पडदा फुगतो, मंच पुढे सरकतो, चित्र तिरकं होतं. तुम्ही दुसऱ्यांदा पाहताना त्या पडद्याकडेच बघत होतात. पुढे बसलेल्यांना तो पडदाच दिसत होता.